किरणोपचारात तोंडातले जंतू वाढतात, तर ते मारून का टाकत नाहीत?

प्रश्न : चांदणवेल

माझ्या वडिलांना जिभेच्या मुळाशी झालेल्या कर्करोगासाठी किरणोपचार चालू आहेत. एकूण ७० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) मात्रा ३५ हप्त्यांत, आठवड्यातून पाच दिवस, आणि जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध अशी आखणी असून काल त्यांचा १९ वा हप्ता पार पडला. पहिले दहा-बारा हप्ते होईपर्यंत तोंडाला कोरड पडणे आणि चव जाणे यापलीकडे फारसा त्रास नव्हता. त्यानंतर मात्र तोंड आले. आता टाळूवर आणि गालांच्या आतल्या बाजूला पांढरट थर दिसतो. लाळ कमी झाली आहे, आणि जी उरली आहे ती इतकी चिकट की चूळ टाकल्यावरही तिची तार ओठांपासून भांड्यापर्यंत तुटत नाही.

गेल्या आठवड्यात तोंडातला नमुना तपासणीसाठी दिला होता. अहवालात ‘कँडिडा ट्रॉपिकॅलिस : भरपूर वाढ’ (ही बुरशी) आणि ‘क्लेब्सिएला न्यूमोनिए : मध्यम वाढ’ (हा जिवाणू) असे आले आहे. ते दुसरे नाव वाचून घरात सगळ्यांचे धाबे दणाणले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र अहवाल शांतपणे वाचून फायलीत ठेवला, प्रतिजैविक देण्यास नकार दिला, मीठ-सोड्याच्या गुळण्या वाढवायला सांगितल्या आणि बुरशीवरील औषधाचे सोमवारी तोंड नीट पाहून ठरवू, असे ते म्हणाले. घरात क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक गुळणीची बाटली आहे, तीही तूर्त वापरू नका असे त्यांनी सांगितले.

त्यांच्या सल्ल्यावर माझा अविश्वास नाही. मला त्यामागचे कारण समजून घ्यायचे आहे. जंतू वाढले म्हणून तोंड आले, की तोंड आले म्हणून जंतू वाढले? पहिले खरे असेल, तर तोंड शक्य तितके निर्जंतुक करणे हाच उपाय ठरायला हवा. आणि दुसरे खरे असेल, तर हा नमुना तपासायचाच कशाला?

उत्तर : दंतपंक्ती

मी दंतवैद्य आहे आणि गेली काही वर्षे प्रामुख्याने कर्करोगाच्या रुग्णांचे तोंड तपासण्याचेच काम करतो. तुमच्या वडिलांना पाहिलेले नसल्यामुळे त्यांच्यापुरता निर्णय मी देणार नाही, परंतु तुमच्या प्रश्नातले ‘आधी कोण’ हे कोडे बऱ्याच अंशी सोडवता येते.

सुरुवात जंतूंपासून न करता लाळेपासून करावी लागेल. हळूहळू विभागणाऱ्या पेशी किरणांना सहसा लवकर दाद देत नाहीत, असा सर्वसाधारण नियम आहे. लाळग्रंथी मात्र त्याला ठळक अपवाद आहेत. उपचाराच्या पहिल्या आठवड्यातच लाळेचा प्रवाह निम्म्यावर येऊ शकतो. कानापुढच्या मोठ्या ग्रंथींची पातळ, पाण्यासारखी लाळ आधी आटते आणि श्लेष्मा अधिक असलेली घट्ट लाळ मागे उरते. तुम्ही वर्णन केलेली तार ती हीच. या ग्रंथींवर पडणारी सरासरी मात्रा सुमारे २६ ग्रेच्या आत ठेवता आली, तर त्या पुढे बऱ्याच सावरतात. म्हणूनच किरणांची तीव्रता जागेनुसार बदलणारे आयएमआरटी तंत्र आले. त्याची जुन्या पद्धतीशी तुलना करणाऱ्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पारस्पोर्ट चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर नव्या पद्धतीत ३८ टक्के रुग्णांत आढळला होता. म्हणजे तंत्र सुधारल्यावरही तिघांतल्या एकाहून अधिकांची कोरड राहिलीच.

आता लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे. तिच्यातले बायकार्बोनेट आम्ल शमवते. लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि आयजीए प्रतिपिंडे जिवाणूंना आवर घालतात. हिस्टाटिन नावाची लहान प्रथिने तर खास कँडिडाच्या मुळावर उठतात. हे सारे एकदम ओसरले की तोंडातली आम्लता वाढते आणि सात-साडेसहाच्या आसपास राहणारा पीएच पाचाच्या दिशेने घसरू लागतो. निरोगी तोंडात दातांवर सर्वांत आधी वस्ती करणारे स्ट्रेप्टोकोकस सँग्विनिस आणि नायसेरिया यांसारखे निरुपद्रवी जिवाणू अशा हवेत तग धरत नाहीत, आणि त्यांच्या जागी आम्लात सुखाने राहणारे स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स, लॅक्टोबॅसिलस व कँडिडा फोफावतात. हा बदल १९७० च्या दशकातच, साध्या संवर्धनाच्या पद्धतींनी, नोंदवला गेला होता. घर फिरले की घराचे वासे फिरतात म्हणतात, तसा हा प्रकार आहे. यांतले बहुतेक जंतू बाहेरून आलेले नसतात. आधीपासून तोंडातच कोपऱ्यात पडून असलेल्यांना मोकळे रान मिळते, इतकेच.

तोंड येणे, म्हणजे ज्याला आम्ही म्यूकोसायटिस म्हणतो, ती मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिची सुरुवात जंतूंपासून होत नाही. स्टीफन सोनिस यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पाच टप्प्यांच्या वर्णनानुसार किरणांमुळे आवरणाखालच्या पेशींच्या डीएनएला इजा होते, त्यातून दाहाचे संदेश निघतात, ते एकमेकांना वाढवत नेतात आणि मग वरचे आवरण फाटून व्रण होतो. जंतूंचा प्रवेश या चौथ्या टप्प्यात होतो. उघड्या व्रणावर ते बसतात, त्यांच्या पेशीभित्तिकेतले घटक खालच्या ऊतींतला दाह आणखी चेतवतात आणि पाचवा, म्हणजे भरून येण्याचा टप्पा लांबतो. तेव्हा काडी किरणांनी लावली. जंतू नंतर तेल ओततात.

म्हणूनच केवळ जंतू मारून म्यूकोसायटिस थांबवण्याचे प्रयत्न फसले. विशेषतः क्लेब्सिएलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना नेमके लक्ष्य करण्यासाठी पॉलिमिक्सिन, टोब्रामायसिन आणि अँफोटेरिसिन यांच्या चघळायच्या गोळ्या करून त्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या. ते जिवाणू खरोखर कमी झाले, पण तोंड यायचे ते आलेच. आणि अशा गोळ्या या कामासाठी वापरू नयेत, अशी शिफारस पुढे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत झाली. क्लोरहेक्सिडिनबाबतही डोके-मान किरणोपचारात म्यूकोसायटिस टाळण्यासाठी ते देऊ नये, असेच त्या तत्त्वांत सुचवलेले आहे. हिरड्यांच्या आजारात ते उत्तम औषध आहे, यात वाद नाही. परंतु उघड्या व्रणांवर ते झोंबते, चव आणखी बिघडवते, आणि ज्या निरुपद्रवी जिवाणूंची वस्ती टिकावी अशी आपली इच्छा असते त्यांनाही ते सोडत नाही.

याउलट, एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा ही गुळणी जंतू मारण्यासाठी नसतेच. ती चिकट लाळ सैल करते, आम्लता उतरवते आणि थर धुऊन नेते. आटलेली लाळ जे काम करत होती त्यातले थोडेसे काम ती करते, म्हणूनच ती दिवसातून दोनदा नव्हे, तर जागेपणी दर एक-दोन तासांनी करायची असते.

उत्तर : पेट्रीडिश

दंतपंक्ती यांनी वैद्यकीय बाजू मांडली आहे. मी प्रयोगशाळेच्या बाजूने, अहवाल कसा वाचावा याविषयी थोडे लिहिते, कारण अशा अहवालांचे कागद माझ्याच टेबलावरून जातात.

‘भरपूर वाढ’ या शब्दांना वाटते तितका अर्थ नसतो. बोळा कुठे फिरवला, किती जोराने फिरवला, त्याआधी रुग्णाने चूळ भरली होती की नाही, यावर वाढ अवलंबून असते. निरोगी माणसांपैकीही तीस ते पन्नास टक्क्यांच्या तोंडात कँडिडा सापडू शकते, आणि नुसते सापडणे म्हणजे संसर्ग नव्हे. बोळ्याऐवजी लाळ मोजून घेतली तरी पेच सुटत नाही. काहीही न चघळता मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ सुटते, ती ०.१ वर आली, तर एकही जंतू न वाढता दर मिलिलिटरमधली त्यांची संख्या तिप्पट-चौपट दिसू शकते. पाचव्या आठवड्यातल्या एका रुग्णाचा लाळेचा नमुना घेण्यासाठी मी समोर बसले होते. दहा मिनिटांनंतर नळीच्या तळाशी जेमतेम फेस जमला होता, आणि तो फेस पिपेटने उचलताही येईना. अशा नमुन्यावरून आकडे काढायचे आणि ते उपचारांआधीच्या आकड्यांशेजारी मांडायचे, तेव्हा हात थोडा आखडता घ्यावा लागतो.

मग नमुना का तपासायचा? तर बुरशीच्या प्रजातीचे नाव कळावे म्हणून. नेहमीची कँडिडा अल्बिकन्स असेल, तर फ्लुकोनॅझोल बहुधा चालते. कँडिडा क्रुसेई मात्र त्या औषधाला जन्मतःच दाद देत नाही आणि ग्लाब्राटा पुष्कळदा अर्धवट दाद देते. तुमच्या अहवालातली ट्रॉपिकॅलिस सहसा या औषधाला बधते, पण सरसकट नाही. म्हणून औषध देऊन आठवडाभरात फरक पडला नाही, तर औषध-संवेदनशीलतेची चाचणी करून घेणे योग्य ठरते. अहवालाचा खरा उपयोग त्या वेळी होतो.

क्लेब्सिएलाच्या आडनावाने घाबरू नका. हा जिवाणू मुख्यतः आतड्यातला रहिवासी आहे आणि लाळ आटलेल्या तोंडात तो तात्पुरता मुक्काम करतो. मात्र त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्षही करू नये, असे माझे मत आहे. गिळताना ठसका लागत असेल, तर तोंडातले जिवाणू श्वासनलिकेत उतरून खरोखरच न्यूमोनिया होऊ शकतो, आणि डोके-मान किरणोपचारात ही गुंतागुंत दुर्मीळ नाही. शिवाय सिस्प्लॅटिनमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. तेव्हा प्रतिजैविक द्यावेच लागते, आणि ते तोंडासाठी नव्हे तर रक्तासाठी असते.

एका मुद्द्यावर मात्र दंतपंक्ती यांच्याशी माझा किंचित मतभेद आहे. जंतू ‘नंतर तेल ओततात’ हे जवळजवळ खरे आहे. परंतु जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६ एस जनुकाच्या क्रमवाचनातून गेल्या काही वर्षांत जे दिसू लागले आहे, त्यानुसार तीव्र म्यूकोसायटिस होणाऱ्यांच्या तोंडात फ्युसोबॅक्टेरियम, प्रेव्होटेला, पॉर्फिरोमोनास यांसारख्या, प्राणवायू नसलेल्या जागी वाढणाऱ्या जिवाणूंचा वाटा वाढलेला आढळतो. हे जिवाणू बहुतेक वेळा हिरड्यांच्या खोबणीतून येतात. म्हणजे उपचार सुरू होण्याआधी हिरड्या कोणत्या अवस्थेत होत्या, याचा पुढच्या त्रासाशी संबंध असावा असे मानायला जागा आहे. अर्थात क्रमवाचनाने मिळतात ती प्रमाणे, संख्या नव्हेत. शिवाय मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही त्यात मोजला जातो. म्हणून मी ‘संबंध’ म्हणते, ‘कारण’ म्हणत नाही.

उत्तर : कोरडा घसा

मी या दोघांसारखा जाणकार नाही. माझे ३३ हप्ते पूर्ण होऊन चार वर्षे झाली आहेत. जंतूंविषयी मला जे कळले ते उशिरा कळले, म्हणून लिहितो.

उपचार संपल्यावर सहा-सात आठवड्यांनी तोंड बरे झाले आणि मी सुटलो, असे मला वाटले. दातांवर बसवायच्या साच्यात फ्लोराइडची जेल भरून रोज दहा मिनिटे ठेवायला सांगितले होते, ते मी दोन महिन्यांत सोडून दिले, कारण दात दुखत नव्हते आणि जेलने मळमळत असे. कोरड घालवण्यासाठी मात्र दिवसभर गोड गोळ्या चघळत राहिलो. चघळत म्हणणेही बरोबर नाही, कारण लाळ नसल्यामुळे गोळी विरघळायचीच नाही. ती जिभेला चिकटून बसायची आणि मी पाण्याचा घोट घेऊन ती सोडवायचो. एका दुसऱ्या दवाखान्यात बुरशीसाठी दिलेले पातळ औषधही गोड होते. त्यात साखर आहे हे ना त्यांनी सांगितले, ना मी बाटलीवर वाचले, आणि रात्री दात घासल्यानंतर ते तोंडात घोळवून मी झोपत असे.

चौदाव्या महिन्यात आरशात पाहताना खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीलगत, तपकिरी कडे दिसले. दुखत काहीच नव्हते. दीड महिन्यात त्यातला एक दात टॉवेलने तोंड पुसताना हिरडीच्या रेषेत तुटून टॉवेलमध्येच आला. एरवी दात किडतो तो दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत. किरणोपचारांनंतर तो गळ्याशी आणि टोकांना किडतो, म्हणजे जिथे लाळ असती तर कीड सहसा लागली नसती अशाच जागी, हे मला नंतर समजावण्यात आले.

आता ५००० पीपीएम फ्लोराइडची टूथपेस्ट दिवसातून दोनदा लावतो, साचे पुन्हा वापरतो, तोंडात गोड काही राहू देत नाही, आणि उशाशी पाण्याची बाटली असतेच. त्यानंतर नवा दात गेलेला नाही. तुमच्या वडिलांच्या तोंडाचे साचे अजून तयार नसतील, तर त्याविषयी आजच विचारा.

चांदणवेल

तिघांचेही मनापासून आभार. सोमवारी डॉक्टरांनी ओलसर गॉजने टाळूवरचा पांढरा थर पुसून पाहिला. तो सहज निघाला आणि खाली लालभडक पृष्ठभाग दिसला. गालांवरचा थर मात्र पुसल्यावर निघाला नाही आणि बाबा कळवळले. टाळूवरचा थर बुरशीचा असून गालांवरचा म्यूकोसायटिसच्या व्रणांवरचा आहे, असे सांगून त्यांनी फक्त बुरशीवरील औषध सुरू केले. एकाच तोंडात, दोन बोटांच्या अंतरावर, दोन वेगळ्या गोष्टी असू शकतील हे माझ्या लक्षात आले नव्हते. साच्यांसाठीही वेळ ठरवली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. बाबांना वरच्या बाजूला अर्धी कवळी आहे आणि ती ते दिवसभर घालतात. शिवाय खालच्या जबड्यात मागे एक किडलेले मूळ आहे. उपचारांआधी ते काढायचे ठरले होते, पण तारखा जुळल्या नाहीत. ते आता काढून टाकावे का?

उत्तर : दंतपंक्ती

मूळ आता काढू नये. निदान तुमच्या किरणोपचार तज्ज्ञांशी आणि दंतवैद्यांशी एकत्र बोलल्याशिवाय तर मुळीच नाही. दात काढायचे असतील तर ते किरणोपचारांच्या किमान दोन आठवडे आधी काढून जखम भरू द्यायची असते. एकदा उपचार सुरू झाले की, विशेषतः ६० ग्रेच्या वर मात्रा मिळालेल्या खालच्या जबड्यात, हाडाची भरून येण्याची शक्ती इतकी घटते की दात काढलेल्या जागेतून हाड उघडे पडून मरू लागण्याचा धोका उद्भवतो, आणि तो वर्षे लोटली तरी जात नाही. १९८३ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी या आजाराची जी मीमांसा केली, तीत जंतूंना केवळ वरवरचे उपरे मानले होते. पुढे डीएनएच्या तपासण्यांतून मेलेल्या हाडाच्या आतल्या भागातही ॲक्टिनोमायसिस आणि इतर जिवाणू सापडले, त्यामुळे पेट्रीडिश यांचा मघाचा आक्षेप इथे मला निमूटपणे मान्य करावा लागतो. मूळ दुखत नसेल, तर ते न काढता त्याच्या आतली पोकळी साफ करून वरून बंद करता येते. त्याने जबड्याला जखम होत नाही.

कवळी व्रण भरेपर्यंत शक्यतो घालूच नये, आणि रात्री तर कधीच नाही. तिच्या ॲक्रिलिकच्या सूक्ष्म छिद्रांत कँडिडा थर करून राहते, आणि टाळूवरची बुरशी औषधाने गेली तरी आठवडाभरात कवळीवरून परत येते. तुमच्या वडिलांचा टाळूवरचा थर कवळीच्या आकारातच आहे का, ते एकदा पाहा. ती रोज साबणाने, मऊ ब्रशने घासून रात्रभर बुडवून ठेवायची असते, आणि घरातली ती क्लोरहेक्सिडिनची बाटली याच कामी लावता येईल. फक्त सकाळी कवळी भरपूर पाण्याने धुवा, कारण बुरशीसाठी निस्टॅटिन दिलेले असेल तर क्लोरहेक्सिडिनशी गाठ पडल्यावर दोन्ही औषधे निष्प्रभ होतात. निस्टॅटिन असेल तर बाटलीवर साखरेचा उल्लेखही पाहून घ्या, आणि ते शेवटी नव्हे, दात घासण्याच्या आधी द्या.